गुण मिळणे आणि गुण येणे

मराठीत ‘गुण’ हा शब्द दोन क्रियापदांशी जोडला असता दोन निराळे अर्थ देतो. परीक्षेत गुण मिळतात. औषधाचा गुण येतो. पहिल्या प्रयोगात देणारा बाहेरचा असतो. दुसऱ्यात प्रत्यय रोग्याच्या देहासच येतो. गुडघ्याच्या संधिवातावर योजल्या जाणाऱ्या, हालचाल टिपणाऱ्या व्यायाम-खेळांचे परीक्षण या भेदाच्या आधारे करणे इष्ट वाटते.

या खेळांची बाजू दुबळी नाही. झिजेच्या संधिवातात व्यायाम हा प्रमुख उपचार होय. इंग्लंडमधील ‘नाइस’ संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेत तो सर्वच रोग्यांना सांगितला आहे. परंतु एकच पाय पुनःपुन्हा उचलण्याचा कंटाळा येतो व व्यायाम सुटतो. खेळ प्रत्येक हालचालीस तत्काळ उत्तर देतो. २००७ साली जपानमध्ये निघालेल्या ‘वी फिट’ची फळी शरीराचा भार कोठे झुकला ते दाखवी. २०१० च्या ‘किनेक्ट’ कॅमेऱ्याने फळीचीही गरज उरू दिली नाही. तो शरीरावरील २० स्थाने ओळखी. खुबा, गुडघा व घोटा या तीन बिंदूंवरून गुडघ्याचा कोन काढता येई. त्याचे उत्पादन २०१७ साली थांबले. कल्पना मात्र साध्या कॅमेऱ्यावर चालणाऱ्या प्रणालींत टिकून आहे.

तथापि कोन म्हणजे गुडघा नव्हे. दुखऱ्या पायावरील भार चोरून दुसऱ्यावर टाकणारा रोगीही कॅमेऱ्यापुढे गुण मिळवू शकतो. भार फळीस कळतो, कॅमेऱ्यास नाही. शिवाय ‘किनेक्ट’सोबत आलेल्या खेळात उड्या मारणे हे यशाचे साधन होते. करमणुकीसाठी रचलेली ही आज्ञार्थी भाषा रोग्यास जशीच्या तशी लागू करणे धोक्याचे आहे.

रोग्यांसाठी मुद्दाम रचलेल्या खेळांत उपचारकास मर्यादा ठरविता येतात, हा आक्षेप रास्त आहे. पण त्या मर्यादा तो कशावरून ठरविणार? व्यायामाच्या आरंभी वेदना काही काळ वाढू शकते, असे वरील मार्गदर्शिकाच सांगते. तेव्हा कोणते दुखणे सोसावे आणि कोणत्यापाशी थांबावे, हा विवेक संभाषणावाचून होत नाही. गुडघा ठणकतो, आखडतो, त्यात कळ येते, तो भरून येतो; ही क्रियापदे परस्परांचे पर्याय नव्हेत.

गुण आला की नाही हे पाहण्यासाठी ‘वोमॅक’ ही प्रश्नावली वापरतात. तिच्या २४ प्रश्नांपैकी १७ दैनंदिन हालचालींविषयी आहेत: जिने, मोटार, पायमोजे, न्हाणे. मांडी घालून अथवा उकिडवे बसणे त्यांत नाही. आपल्याकडील पंगतीस वा पूजेस बसू इच्छिणाऱ्या वृद्धेच्या लेखी मात्र बरे होणे म्हणजे बहुधा तेच. आणि कॅमेऱ्याचीही अडचण नेमकी तेथेच होते. मांडी घातली की एक पाय दुसऱ्याआड जातो आणि बिंदू हरवतात. जे प्रश्नावली विचारीत नाही आणि कॅमेरा पाहत नाही, त्याची नोंद कोण ठेवणार?

म्हणून खेळ टाकून द्यावेत असे नव्हे. खेळाआधी व खेळानंतर रोग्यास त्याच्या भाषेत विचारावे, आणि पडद्यावरचा आकडा त्या उत्तराच्या खाली लिहावा. हा क्रम उलटला, तर गुण मिळत राहतील; गुण येईलच असे नाही.