तोतलाडोहाची मासळी आणि बातमीचे व्याकरण

कथा-कवितांचे परीक्षण आपण चवीने करतो. परंतु ज्या गद्याशी आपली रोज सकाळी गाठ पडते त्या बातमीच्या गद्याकडे समीक्षकांनी फारसे लक्ष दिलेले नाही. आमच्या वाचकांच्या बाबतीत तर ही उपेक्षा विशेष खटकते. त्यांच्यापैकी बरेच जण परप्रांती सरकारी नोकरीत आहेत, आणि त्यांच्या मेजावरून निघालेले पत्रक दुसऱ्या दिवशी, थोडी कात्री लागून, बातमी म्हणून छापले जाते. तेव्हा या परीक्षणाचा रोख वार्ताहराइतकाच त्यांच्याकडेही आहे, हे आम्ही आरंभीच कबूल करतो.

रायपुरात बसून आम्ही हिंदी वृत्तपत्रे वाचतो, तशी नागपूरची मराठीही वाचतो. १९५६ पर्यंत रायपूर, छिंदवाडा व नागपूर ही एकाच प्रांताची अंगे होती. त्या जुन्या नात्याने पेंच नदीची हकीकत आम्हांस परकी वाटत नाही. या नदीवर तोतलाडोह येथे धरण झाले. त्याचा जलाशय सुमारे ७४ चौरस किलोमीटरचा. त्यातील ५४ मध्य प्रदेशात आणि २० महाराष्ट्रात. दोन्ही बाजूंस संरक्षित अरण्य. त्या अरण्यात पूर्वी राहणाऱ्या ३०५ आदिवासी कुटुंबांना मध्य प्रदेश सरकारने १९९६ साली जलाशयात मासेमारीचे परवाने दिले. वकिलांच्या एका संस्थेने त्यास हरकत घेतली, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले.

तोतलाडोहाविषयीच्या बातम्या गेली अनेक वर्षे आम्ही वाचत आलो आहोत. त्यांचा साचा जवळजवळ ठरलेला आहे. ‘अवैध मासेमारी’ हा कर्ता, ‘कारवाई’ हे कर्म, ‘करण्यात आली’ हे क्रियापद. जाळी किती, डोंगे किती, मासळी किती किलो, हे सारे तपशीलवार येते. जप्तीचा पंचनामाच तो! धरलेल्या माणसाचे नाव व वय येते, पण त्याचे गाव पूर्वी कोठे होते, तेथे आज काय आहे, हे येत नाही. बातमी काल रात्री सुरू होते आणि आज सकाळी संपते. यात वार्ताहराचा दुष्टावा असतो असे आम्ही म्हणत नाही. त्याला संध्याकाळी पत्रक मिळते, आणि पत्रक लिहिणाऱ्या अधिकाऱ्याचे काम गुन्हा नोंदविण्याचे असते, इतिहास सांगण्याचे नव्हे. वनरक्षकांवर दगडफेक होते, बाहेरचे ठेकेदार आदिवासींना पुढे करून जाळी टाकवितात, याही गोष्टी तितक्याच खऱ्या आहेत. पण ज्या साच्यात ठेकेदाराचा मजूर आणि बुडालेल्या गावचा रहिवासी एकाच शब्दाने ओळखले जातात, तो साचा गद्य म्हणूनही सदोष आहे, कारण भेद दाखविणे हेच तर शब्दाचे कार्य.

५ मार्च १९९७ च्या निकालात न्यायालयाने हा भेद पाहिला होता. परवाने रद्द न करता त्यांस कडक अटी जोडल्या: ओळखपत्रावर छायाचित्र हवे, परवाना दुसऱ्यास देता येणार नाही, काठावर चूल पेटवायची नाही. त्याचबरोबर, या लोकांच्या पोटाचा विचार अरण्याच्या विचाराइतकाच आवश्यक आहे, असा निकालाचा रोख होता. मात्र एक शब्द तेथेही निसटला, असे आम्हांस वाटते. हे परवाने पारंपरिक हक्कांच्या बदल्यात दिलेले होते. बदल्यात मिळालेली वस्तू ही मोबदला असते. बातमीत उतरता उतरता ती ‘सवलत’ झाली. हक्काचा परवाना, परवान्याची सवलत, आणि सवलतीचा अखेर ‘गैरफायदा’. चार शब्दांच्या या उतरंडीत माणूस धन्याचा याचक होतो.

हाच शब्दाचा झगडा अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात अधिक उघडपणे झाला. तेथील ओजिब्वे लोकांनी १८३७ व १८४२ च्या तहांत जमीन दिली, परंतु तीवर शिकार व मासेमारी करण्याचा हक्क स्वतःकडे राखून ठेवला. १९७४ साली दोघा भावांनी राखीव क्षेत्राबाहेरच्या सरोवरात मासे मारून मुद्दाम अटक ओढवून घेतली, आणि १९८३ मध्ये संघीय अपील न्यायालयाने तो हक्क जिवंत असल्याचे सांगितले. पुढे प्रत्येक वसंत ऋतूत, रात्री दिवे लावून भाल्याने मासे मारणाऱ्या ओजिब्वेंना सरोवरांच्या धक्क्यांवर शिव्या आणि दगड सोसावे लागले. बड्या वृत्तपत्रांना हे दृश्य फार सोयीचे: रात्र, पोलीस, जमाव, भाला. दोन्ही बाजूंचे एकेक वाक्य घेतले की तोल साधला! त्या लिखाणात ‘खास हक्क’, ‘बहाल केलेले हक्क’ असे शब्द वारंवार येत. ज्याने स्वतःच्या मालमत्तेतून काही राखून ठेवले, त्याला ते कोणी बहाल केले?

ओजिब्वे जमातींच्या मत्स्य व वन्यजीव आयोगाने ‘मसिनाइगन’ हे पत्र काढले. त्यांच्या भाषेत या शब्दाचा अर्थ कागद, पुस्तक. त्याची बातमी १८३७ पासून सुरू होते. कोणत्या सरोवरात किती मासे मोजले, त्यांतील किती धरण्यास मोकळीक, प्रत्यक्षात किती धरले, अशी नीरस कोष्टके तेथे छापलेली असतात. आणि त्या नीरसतेतच त्याचे बळ आहे. गळ टाकणारे हौशी लोक त्याच प्रदेशात कितीतरी पट अधिक मासळी नेत होते, ही गोष्ट आकडे शेजारी शेजारी मांडल्याखेरीज दिसत नाही. १९९१ च्या संयुक्त सरकारी पाहणीनेही भाल्यामुळे मासळीचा साठा धोक्यात आलेला नाही असेच सांगितले. तथापि हे पत्र ज्या आयोगाचे, तोच वादातील एक पक्ष. जमातीतला अंतर्गत मतभेद शोधावयाचा तर तेथे शोधू नये.

आमच्या छत्तीसगडात असे पत्र कोठे आहे? दुर्गजवळच्या शिवनाथ नदीचा सुमारे २३ किलोमीटरचा पट्टा १९९८ साली बावीस वर्षांच्या कराराने एका खाजगी कंपनीच्या हाती गेला, तेव्हा ‘नदी विकली’ म्हणून देशभर लिहिले गेले. विधानसभेच्या लोकलेखा समितीने २००७ मध्ये करार रद्द करण्याची शिफारस केली. त्या लिखाणात पाण्याचा दर होता, कराराची कलमे होती. ज्या केवटांची जाळी थांबली ते बहुधा एका वाक्यापुरते आले. केवट कायद्याने आदिवासी नव्हेत हे खरे; पण त्यांचेही म्हणणे त्यांच्याच तोंडून ऐकावयास मिळाले नाही.

छापील पत्राच्या जागी येथे आवाज आला. शुभ्रांशु चौधरी यांच्या पुढाकाराने २०१० मध्ये ‘सीजीनेट स्वर’ सुरू झाले. दूरध्वनीवरून गोंडीत, छत्तीसगडीत, हिंदीत कोणीही बोलावे आणि ते पडताळून इतरांना ऐकवावे, अशी योजना. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे २९ लाखांवर होते. (आपल्या पंचांगातील ‘मीन’ हा शब्द गोंडीत आजही मासळीसाठी रोज वापरला जातो, आपण तो राशीपुरता ठेवला.) या निवेदनांची घडण पाहण्यासारखी आहे. बोलणारा प्रथम आपले नाव सांगतो, मग गाव, तालुका, जिल्हा, नंतर गाऱ्हाणे, आणि शेवटी संबंधित अधिकाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक सांगून, त्यास फोन करा, अशी श्रोत्यांना विनंती. आमच्या वाचकांपैकी काहींचे क्रमांक असे उच्चारले गेले असतील! या गद्यात कर्ता लपत नाही. त्याची मर्यादाही उघड आहे: गाऱ्हाणे आजचे असते, त्यामागची पन्नास वर्षे दोन मिनिटांत मावत नाहीत, आणि कोष्टक तर आवाजात मुळीच मावत नाही.

तोतलाडोहाच्या निकालात आणखी एक अट होती. रोज किती परवानाधारक आत गेले आणि किती मासळी बाहेर आली, याची नोंद ठेवावयाची होती. जप्त मासळीचे किलो आम्ही अनेकदा वाचले. या नोंदवहीतला एकही आकडा आमच्या वाचनात आलेला नाही. ती वही कोणत्या कचेरीतल्या कोणत्या कपाटात आहे, हे आमच्या एखाद्या वाचकास ठाऊक असणे अशक्य नाही. त्यांनी आम्हांस लिहावे. ती पाने आम्ही कोष्टकासह छापू.