पंगत, मेज आणि दोघांचे भोजन

मराठी वाङ्मयात जेवणाचा तोटा नाही. लीळाचरित्रात श्रीचक्रधरस्वामींच्या आरोगणेच्या नोंदी आहेत, आख्यानकाव्यांत लग्नसोहळ्यांची पाने वाढलेली आहेत, १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' प्रसिद्ध झाले, आणि पु. ल. देशपांडे यांनी 'माझे खाद्यजीवन' लिहून रसनेला ललित निबंधात मानाचा पाट दिला. अशा समृद्ध परंपरेत एक प्रसंग मात्र अजून नीट वठलेला नाही. एक पुरुष आणि एक स्त्री केवळ परस्परांच्या सहवासासाठी एखाद्या उंची भोजनगृहात जातात आणि समोरासमोर बसून जेवतात, हा तो प्रसंग. तरुण पिढी त्याला 'डेट' म्हणते. मराठी प्रतिशब्द रुळलेला नाही. शब्द नसणे ही गौण गोष्ट होय. त्या प्रसंगाचे मर्म आपल्या बहुतेक कथाकारांच्या हाती लागलेले नाही, ही खरी उणीव आहे.

हे मर्म कळण्यासाठी प्रथम पंगतीकडे पाहिले पाहिजे. पंगतीत काय जेवायचे हे यजमान ठरवितो. जेवणाऱ्याने ते स्वीकारायचे असते. आग्रह हा तिथला शिष्टाचार. शेजारी कोण बसणार हे जातीने ठरलेले असे, आणि ती मर्यादा ओलांडण्याची किंमत मोठी होती. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या नुसत्या चहापायी रानडे-टिळकांसारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या प्रश्नाला तोंड द्यावे लागले. स्त्रीचे स्थान तर याहून ठरलेले होते. ती वाढणारी, तिचे जेवण मागाहून, आणि कित्येक घरांत नवऱ्याच्या उष्ट्या पानात. पतिपत्नींनी परस्परांना घास द्यावयाचा तो लग्नाच्या दिवशी, चारचौघांसमोर, नाव घेऊन. पुढे आयुष्यभर दोघांनी समोरासमोर जेवावे असा प्रसंग रूढीने योजिलाच नव्हता. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'चे मोठेपण एका परीने याच ठिकाणी आहे. अन्नपाण्याच्या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींतून एका बाईचे मन हळूहळू कसे पालटले, हे त्यांनी कोणताही उपदेश न करता दाखविले आहे.

उंची भोजनगृहाची रीत याच्या अगदी उलट आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ही संस्था पॅरिसमध्ये आकारास आली. शक्ती परत आणणाऱ्या मांसरसाच्या नावावरून तिला 'रेस्टॉरंट' हे नाव मिळाले. वेगळे मेज, आपल्या सोयीची वेळ आणि किंमती लिहिलेली पदार्थांची यादी ही तिची लक्षणे. आपली खाणावळ निराळी. तेथे जे शिजले असेल ते सर्वांनी जेवायचे. तेव्हा पंगतीत आग्रह, तर मेजावर निवड. याहूनही महत्त्वाचे म्हणजे या मेजावर दोघांपैकी कोणीच कोणाला वाढत नाही. वाढण्याच्या कामातून मोकळी झालेली आणि स्वतःची भूक शब्दांत सांगणारी स्त्री मराठी भोजनप्रसंगात प्रथमच दिसू लागते. अर्थात मेज मांडले की समता आली, असे नव्हे. युरोप-अमेरिकेतील काही उंची भोजनगृहांत स्त्रीच्या हाती किंमती नसलेली यादी देण्याची चाल होती. १९८० मध्ये लॉस एंजेलिसच्या अशा एका भोजनगृहावर फिर्याद झाली. तेथे आमंत्रण बाईचे होते, आणि किंमतींची यादी मात्र पुरुषाच्या हाती देण्यात आली होती! एका यादीत केवढे नाट्य दडलेले असते, हे यावरून ध्यानात यावे.

बडोद्याच्या वाचकाला हे नाट्य शोधण्यासाठी फार दूर जावयास नको. येथे परदेशी मेजाची ओळख जुनी आहे. सयाजीरावांच्या कन्या इंदिराराजे १९१३ साली लंडनमध्ये विवाह करून कुचबिहारला गेल्या. लझान्या या इटालियन पदार्थाची खरी चव कळावी म्हणून त्या आपल्या स्वयंपाक्याला रोमच्या एका भोजनगृहात घेऊन गेल्या, असे त्यांच्या कन्या गायत्रीदेवी यांनी १९७६ च्या आत्मकथनात सांगितले आहे. ते आत्मकथन इंग्रजीत आहे, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. पण राजवाडा सोडून लहरीपुऱ्याकडे वळावे. या वस्तीतल्या माणसाला बडोद्याची शेव-उसळ परकी नाही. 'उसळ' हा मराठी घरातला शब्द साऱ्या गुजराती शहराच्या जिभेवर बसला आहे, आणि ती खाताना शेजारी कोण उभा आहे हे कोणी विचारीत नाही. लहरीपुरा दरवाजातून पश्चिमेकडे निघावे, सूरसागर मागे टाकावा, विश्वामित्री ओलांडावी, स्टेशनापलीकडे अलकापुरी लागते. रस्ता थोडका आहे. पण मराठी घरातल्या तरुण-तरुणीला तेथील भोजनगृहात शिरताना लागणारे अंतर भाषेचे असते. घरी मराठी, बाजारात गुजराती, आणि हातात यादी पडताच इंग्रजी. भाजीवाल्याशी अस्खलित गुजरातीत घासाघीस करणारी मुलगी एखाद्या फ्रेंच नावाच्या सारापाशी आवाज खाली आणते. तो उतरलेला आवाज ज्याला ऐकू येतो, तो कथाकार.

आपल्या कथांतून सामान्यतः ऐकू येते ते दुसरेच. मंद दिवे, पांढरे रुमाल, चकाकणारे पेले यांचे वर्णन होते. मग मागणी घातली जाते किंवा नकार दिला जातो. भोजन हे निव्वळ नेपथ्य ठरते. यावर एक साधी कसोटी सुचवावीशी वाटते. तोच संवाद उचलून सयाजीबागेतल्या बाकावर नेला आणि काहीच बिघडले नाही, तर तो भोजनप्रसंग नव्हेच. कोणी काय मागविले, कोणी दुसऱ्याचे पाहून आपली निवड बदलली, कोण भूक असून नको म्हणाले, बिल आल्यावर कोणाचा हात पुढे झाला आणि कोणाचा थबकला, यांवाचून ज्याचे चालत नाही तोच खरा भोजनप्रसंग. चिं. वि. जोशी यांनी बडोद्याच्या महाविद्यालयात पाली शिकविता शिकविता चिमणराव आणि काऊ यांचा संसार रंगविला. त्या संसारातील विनोद टिकला, कारण तो घरातल्या वस्तूंशी आणि सवयींशी जखडलेला आहे. गौरी देशपांडे यांनी स्वतःच्या इच्छा स्पष्ट बोलणारी स्त्री मराठी कथेला दिली. ही वस्तुनिष्ठा आणि ही स्त्री एका मेजाशी आणून बसविणे, हे काम शिल्लक आहे.

यावर असा आक्षेप येईल की, हा श्रीमंतांचा विषय. ज्या वाङ्मयाने भुकेची कहाणी सांगितली, त्याने रेशमी रुमालांकडे का वळावे? आक्षेप खोटा नाही. पण त्याचे उत्तर विषय टाळण्यात नसून तो पुरता पाहण्यात आहे. एका संध्याकाळचे बिल एखाद्या घराच्या आठवड्याच्या किराण्याएवढे असते. लेखकाने ते बिल वाचकाला दाखविले, वाढणाऱ्या मुलाच्या घरच्या ताटाची जाणीव ठेविली, तर भूकही त्या मेजाशी बसते. ती लपविली तर मात्र उरते ती जाहिरात.

आम्हा शिक्षकांपुरते बोलावयाचे तर पाठ्यपुस्तकांतून सहलीची आणि सणांची वर्णने पुष्कळ येतात, आणि ती सर्व आनंदाचीच असतात. ज्या जेवणात माणूस अवघडतो, निवडतो, खर्च मोजतो आणि समोरच्याला प्रथमच निरखून पाहतो, त्याचे वर्णन मुलांकडून लिहवून घेणे अधिक मोलाचे ठरेल. शतकानुशतके जी उभी राहून वाढीत होती, ती आता समोर बसली आहे. तिला काय हवे, हे मराठी लेखकाने तिला विचारले पाहिजे, आणि उत्तर येईपर्यंत थांबलेही पाहिजे.