संवादी संकेतस्थळांची निवड : एका निकषाची चर्चा

१

‘परस्परसंवादी’ हे विशेषण अलीकडे शैक्षणिक संकेतस्थळांस इतक्या सढळपणे लावले जाते की, त्याने नेमके काय अभिप्रेत आहे हे विचारावयाचेच राहून जाते. कळ दाबली असता चित्र हलले, पान उलटले, उत्तरापुढे हिरवी खूण उमटली, म्हणजे संवाद झाला असे समजण्यात येते. वस्तुतः संवादाची पहिली अट अशी की, दुसऱ्या पक्षाचे बोलणे पहिल्याच्या बोलण्यावर अवलंबून असले पाहिजे. विद्यार्थ्याने काहीही केले तरी जे संकेतस्थळ तेच उत्तर देते, ते बोलके असेल; संवादी नव्हे. हा भेद केवळ शब्दाचा नाही. कोणते संकेतस्थळ विद्यार्थ्याच्या हाती द्यावे व कोणते देऊ नये, हा निर्णय ह्याच भेदावर उभा आहे.

हा प्रश्न जालना जिल्ह्याच्या संदर्भात पाहणे विशेष उद्बोधक ठरते. १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेल्या ह्या आठ तालुक्यांच्या जिल्ह्यात प्रमाण मराठीतील पाठ्यपुस्तक घेऊन बसणारा मुलगा घरी मराठवाडी बोली बोलतो. कोठे दखनी उर्दू, तर कोठे तांड्यावरची गोरमाटी बोलतो. मंठा किंवा घनसावंगी तालुक्यातील खेड्यात शाळा सुटल्यानंतर त्याची शंका फेडणारा दुसरा जाणता माणूस घरात असेलच असे नाही. मोठ्या शहरातील सुशिक्षित घरात संकेतस्थळाने दिलेले सदोष उत्तर आईवडील दुरुस्त करू शकतात. येथे ते उत्तर अखेरचे ठरते. म्हणून निवडीतील चूक येथे अधिक महाग पडते.

२

निवडीच्या आधी शोध येतो, आणि शोधातली अडचण मुख्यतः भाषेची आहे. विद्यार्थ्याला ‘अपूर्णांक’ हा शब्द ठाऊक असतो. तो शब्द शोधयंत्रास दिला असता टिपणे, सोडविलेली उदाहरणे व चित्रफिती पुढे येतात. पण ज्यांत स्वतः काही करून पाहता येते अशी साधने बहुधा इंग्रजी नावांखाली नोंदलेली असतात. साधनाचे आतील रूप मराठीत उपलब्ध असले तरी त्याचे दार इंग्रजी राहते. हे दार उघडून देणे हे शिक्षकाचे काम आहे. १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आता महाजालावर शोधण्याजोगे झाले आहेत. त्यांच्या आधारे मराठी संज्ञेवरून इंग्रजी संज्ञा व तिच्यावरून साधन, असा प्रवास शिक्षकास करता येतो.

ह्या अडचणीवर शासनाने काढलेला तोडगा म्हणजे ‘दीक्षा’. हे व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू झाले आणि बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडद्वारे पाठावरून थेट संबंधित सामग्रीवर जाण्याची सोय झाली. शोधाचे श्रम त्यामुळे वाचले, हे मान्य केले पाहिजे. परंतु शोध सुलभ झाला म्हणजे निवड झाली असे नव्हे. एकाच कोडमागे चित्रफीतही असू शकते, प्रश्नावलीही असू शकते. त्यांपैकी विद्यार्थ्याशी बोलणारी कोणती, हे कोड सांगत नाही.

३

मग पारखावे कसे? संकेतस्थळाचे रूप, चित्रांची सफाई, वापरणाऱ्यांची संख्या किंवा प्रवर्तक संस्थेची कीर्ती ही सर्व बाह्य प्रमाणे होत. त्यांहून निर्णायक आणि कोणत्याही शिक्षकास दहा मिनिटांत करता येईल अशी एक परीक्षा आहे : संकेतस्थळास जाणूनबुजून चुकीचे उत्तर द्यावे आणि ते काय करते ते पाहावे. बरोबर उत्तरापुढे सर्वच संकेतस्थळे सारखी प्रसन्न होतात. त्यांचे अंतरंग उघडे पडते ते चुकीपुढे.

उदाहरणार्थ, एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश ह्याचे उत्तर दोन पंचमांश असे द्यावे. अंशात अंश व छेदात छेद मिळविण्याची ही चूक शिक्षकांच्या नित्य परिचयाची आहे. जे संकेतस्थळ ‘चूक, पुन्हा प्रयत्न करा’ एवढेच म्हणते, ते न्यायाधीशाचे काम करते, शिक्षकाचे नव्हे. दुसरे एखादे योग्य उत्तर सांगून मोकळे होते. तिसरे दोन पंचमांशाची पट्टी एक द्वितीयांशाच्या पट्टीखाली ठेवते आणि बेरीज एका पदाहूनही लहान झाली आहे, हे विद्यार्थ्याच्या डोळ्यांना दाखविते. संवाद येथे सुरू होतो. कारण हे उत्तर ह्याच चुकीला दिलेले आहे, दुसऱ्या कोणत्याही चुकीला ते चालले नसते.

ह्या परीक्षेस उतरणारी साधने आहेत. नोबेल पारितोषिक विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन ह्यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या ‘फेट’ प्रकल्पातील विद्युत परिपथाची प्रतिकृती घ्यावी. विद्यार्थ्याने घटाची दोन्ही टोके नुसत्या तारेने जोडली तर ‘चूक’ असा शब्द कोठेही उमटत नाही. घट पेट घेताना दिसतो. निसर्गच उत्तर देतो, आणि ते कोणत्याही बोलीच्या मुलास कळते. २००१ मध्ये मार्कुस होहेनवार्टर ह्यांनी साल्झबुर्ग येथे आरंभिलेल्या ‘जिओजेब्रा’मध्ये त्रिकोणाचा शिरोबिंदू कोठेही ओढला तरी तिन्ही कोनांची बेरीज १८० अंशच राहते, विद्यार्थी ती मोडण्याचा प्रयत्न करून हरतो आणि त्या हरण्यातून सिद्धतेची गरज त्याला जाणवते. ‘खान अकादमी’च्या गणिती सरावात उत्तर न देता एकेक पायरीची सूचना मागता येते. तिची सूचना उदाहरणाच्या पायऱ्यांना धरून असते, विद्यार्थ्याच्या विशिष्ट चुकीला नव्हे; म्हणून तिची योग्यता पहिल्या दोन साधनांहून थोडी कमी, पण नुसत्या निकालाहून पुष्कळ अधिक मानावी लागेल.

४

तथापि, चुकीला उत्तर मिळणे पुरेसे नाही. ते विद्यार्थ्याच्या भाषेत मिळावे लागते. येथे एक फसवा धोका आहे. देवनागरी लिपी दिसली की साधन आपले, असा समज सहज होतो. परंतु त्या लिपीत बहुधा हिंदी असते. हिंदीत ‘भिन्न’ म्हणजे अपूर्णांक. मराठी मुलास त्याचा अर्थ ‘वेगळे’ एवढाच लागतो. हिंदीतील ‘हर’ म्हणजे आपला छेद, ‘परिमाप’ म्हणजे परिमिती, ‘समकोण’ म्हणजे काटकोन, ‘गुणनखंड’ म्हणजे अवयव, ‘समुच्चय’ म्हणजे संच. सर्वांत बोलके उदाहरण ‘कोण’ ह्या शब्दाचे. हिंदी भूमितीत ते कोनाचे नाव आहे. मराठीत तो प्रश्न आहे. पूर्णतः परका शब्द विद्यार्थ्यास थांबवितो व विचारावयास लावतो. अर्धवट ओळखीचा शब्द न थांबविता चुकवितो. म्हणून इंग्रजी साधनापेक्षा हिंदी साधन जवळचे, हे गृहीतक प्रत्येक वेळी तपासून घ्यावे लागते.

मराठवाड्यास हा अनुभव सर्वस्वी नवा नाही. १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता, आणि उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणासाठी उर्दू माध्यम स्वीकारून त्यासाठी भाषांतर संस्थेमार्फत परिभाषा घडविली होती. ज्ञान भारतीय भाषेत आणण्याचा तो उपक्रम मोठा होता. पण मराठी भाषक मुलास त्याचे शब्द बाहेरूनच येत. देशी भाषेत असणे आणि शिकणाऱ्याच्या भाषेत असणे ह्या दोन गोष्टी एक नव्हेत, हा त्या इतिहासाचा धडा संकेतस्थळे निवडतानाही लागू पडतो.

साधन मराठीत असले तरी ते विद्यार्थ्याचे मराठी ओळखते काय, हा प्रश्न उरतोच. ‘ॲसिड’ ह्या शब्दातील आद्याक्षर संगणकात दोन प्रकारे साठविले जाऊ शकते. डोळ्यांस रूप एकच, यंत्रास दोन वेगळे. अक्षरास अक्षर लावून पाहणारे संकेतस्थळ त्यांपैकी एकाला चूक ठरवील. दुसऱ्या बाजूस, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग आणि ‘दर्या’ म्हणजे समुद्र, हा भेद मराठीत अर्थाचा आहे. कळफलकावर तो ‘ऱ’ सापडला नाही म्हणून भूगोलाचे बरोबर उत्तर बाद होऊ शकते. ५ हा अंक देवनागरीत लिहिला म्हणून नाकारला जाणे हाही त्यातलाच प्रकार. २०१९ मध्ये बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ अशी संख्यावाचनाची पद्धत आली, तेव्हा बराच वाद झाला. त्या वादाचा निर्णय काहीही मानला तरी, दोन्ही रीतींनी वाचणारी मुले आज एकाच वर्गात असू शकतात, आणि एकच रीत ओळखणारे साधन त्यांतील काहींस विनाकारण चुकीचे ठरवील.

ह्या गोष्टी क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु यंत्राचा ‘चूक’ हा शेरा मुलगा यंत्राच्या मर्यादेवर ढकलत नाही. तो स्वतःवर आणि पुष्कळदा स्वतःच्या भाषेवर घेतो.

५

ह्या निकषावर एक आक्षेप संभवतो. पाढे, शुद्धलेखन, शब्दार्थ ह्यांच्या सरावासाठी नुसता निकाल देणारे साधनही उपयोगी पडते; प्रत्येक साधनाने संवाद साधलाच पाहिजे असा आग्रह का? आक्षेपात तथ्य आहे. कळलेले पक्के करण्यासाठी अशी साधने वापरावीत. न कळलेले कळण्यासाठी ती देऊ नयेत. दोष साधनात नसून, सरावाच्या वस्तूस शिकवणीची वस्तू समजण्यात आहे.

टिकाऊपणाचाही विचार करणे प्राप्त आहे. २०२० च्या अखेरीस ‘फ्लॅश’ ह्या तंत्राचा आधार बंद झाला आणि त्यावर उभारलेली असंख्य संवादी पाने निकामी झाली. जेथे वीज व जाळे दोन्ही बेभरवशाचे आणि घरात एकच मोबाइल, तेथे जे साधन एकदा उतरवून घेऊन जाळ्याविना चालविता येते त्यास अधिक गुण द्यावे लागतील. ‘फेट’ व ‘जिओजेब्रा’ ह्या दोहोंस ही सोय आहे.

सारांश, उत्तम संकेतस्थळांची तयार यादी शिक्षकाच्या हाती देणे हा ह्या प्रश्नाचा निकाल नव्हे. यादी शिळी होते, आणि ती बहुधा दुसऱ्याच विद्यार्थ्यांसाठी केलेली असते. प्रत्येक साधनास तीन गोष्टी विचाराव्यात : चुकीचे उत्तर दिले असता ते काय करते, जे सांगते ते पाठ्यपुस्तकाच्या मराठी संज्ञांत सांगते काय, आणि विद्यार्थ्याने आपल्या रीतीने लिहिलेले बरोबर उत्तर ते बरोबर म्हणून ओळखते काय. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कोणताही शिक्षक शोधू शकेल. तिसऱ्याचे उत्तर मात्र मराठीच्या लेखनरूपांचा अभ्यास करणाऱ्यांनी साधनकर्त्यांस पुरवावयाचे आहे. भाषाशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांस प्रबंधिकेसाठी विषय हवा असेल, तर तो जिल्हा परिषदेच्या कोणत्याही शाळेत, एका संगणकासमोर, एका मुलाच्या ‘चुकीच्या’ उत्तरात वाट पाहत आहे.