‘मानसोल्लासां’तील मत्स्यविनोद

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें इ. स. ११२९ च्या सुमारास रचिलेला ‘मानसोल्लास’ अभ्यासक उघडतात ते बहुधा पाकशास्त्रासाठीं वा संगीतासाठीं. गळानें मासे धरण्याच्या करमणुकीवरील त्यांतील ‘मत्स्यविनोद’ हें प्रकरण उपेक्षितच राहिलें. याच विषयावरचा आयझाक वॉल्टनचा विख्यात इंग्रजी ग्रंथ १६५३ चा, म्हणजे पांच शतकांनीं धाकटा!

सुमारें ३५ माशांचीं नांवें देऊन राजा त्यांचे खवल्यांचे व बिनखवल्यांचे, समुद्रांतले व नदींतले असे वर्ग पाडतो. हा भाग रुक्ष आहे. पण कोणत्या माशास काय चारावें, हें सांगूं लागतांच लेखणींत जीव येतो. मासा आधीं एके ठिकाणीं खाण्यास सोकावूं द्यावा, मग गळ टाकावा! बोरीवलीस गोराईच्या खाडीकाठीं जिताड्याच्या आशेनें भरती-ओहोटी मोजीत बसणाऱ्या हौशी मनुष्यास हें तत्काळ पटेल.

तथापि एक गोष्ट सलते. माशाच्या आवडीनिवडी सिंहासनावरून दिसत नाहींत. त्या भोई-कोळ्यांस ठाऊक. त्यांची उपजीविका येथें राजाच्या नांवावर विनोद होऊन अवतरली आहे. वॉल्टन निदान गुरुशिष्यांचा संवाद तरी मांडतो. सोमेश्वर केवळ विधीच्या भाषेंत बोलतो.

या प्रकरणाचें मराठी भाषांतर करणारानें गोराई-मनोरीच्या कोळीवाड्यांत अवश्य जावें. कित्येक संस्कृत नांवें नेमक्या कोणत्या माशाचीं, हा वाद ग्रंथालयापेक्षां तेथें लवकर मिटेल.