घरगल्ल्या

गिरगाव-काळबादेवीच्या जुन्या चाळींची दर्शनी बाजू पाहायला लोक मुद्दाम येतात. नक्षीचे लाकडी कठडे, ओतीव लोखंडाचे खांब, तळमजल्यावर वर्षानुवर्षांचं फरसाणाचं दुकान. फोटोही छान निघतात. पण चाळ वाचायची तर मागून वाचावी. दोन इमारतींच्या पाठींमध्ये सुटलेला जो अरुंद बोळ महापालिकेच्या कागदांत घरगल्ली म्हणून ओळखला जातो, त्याच्या तोंडाशी जरा वेळ उभं राहावं. नाकाला रुमाल लावायला हरकत नाही.

आधी वर पाहावं. हात पसरले तर दोन्ही भिंतींना टेकतील एवढीच रुंदी, आणि तेवढीच आभाळाची पट्टी. भिंतीवरून बिडाचे जाडजूड पाइप उतरतात. सांध्यांतून पाणी झिरपतं, तिथे पिंपळाने मूळ धरलेलं. दर मजल्याला मोरीची खिडकी आणि तिच्याखाली साबणाच्या पाण्याचा पांढरट ओघळ. मध्येच एक पाइप कोराकरकरीत प्लास्टिकचा दिसला की समजावं, या बिऱ्हाडाने नुकती मोरी नवी केली. कुणी गजांना लोखंडी जाळी ठोकून त्यात कोरफड ठेवलेली, कुणी जुन्या पत्र्याची पडवी काढलेली. पुढच्या बाजूला सगळ्या बिऱ्हाडांचा कठडा एकच. मागे मात्र ज्याने त्याने आपली सोय पाहिलेली. आणि आवाज! धुणं आपटल्याचा, कुकरच्या शिट्टीचा, पोराला अंघोळीला ढकलल्याचा. पाठीला पाठ लावलेल्या दोन चाळींचे पत्ते वेगवेगळ्या रस्त्यांवरचे असतात, पण समोरच्या घरात आज कशाला फोडणी पडली हे इकडच्यांना न सांगता कळतं.

बोळाची ही एवढीशी रुंदी आली कुठून? भुयारी गटारं सगळीकडे पोहोचण्यापूर्वी मैला संडासाखालच्या टोपल्यांत साठायचा आणि माणूस मागून येऊन तो उचलून न्यायचा. मुंबईत या कामगारांना हलालखोर म्हणत. १८८८च्या महापालिका कायद्यात हलालखोर कर नावाचा वेगळा करच होता. जातीने माथी मारलेलं ते काम घराच्या पुढच्या दारातून होणं कुणालाच चालणार नव्हतं. म्हणून मागे वाट सोडली, डोक्यावर टोपली घेतलेला एक माणूस जाईल एवढी. पुढे गटारं आली, टोपल्या गेल्या, आणि त्या वाटेचीच मोरी झाली. पावसाळ्यापूर्वी घरगल्ल्या साफ करायला आजही माणूसच आत शिरतो. या बोळाचं सौंदर्य सांगताना हे गाळलं, तर आपण फक्त पिंपळाचं कौतुक करत राहू.

१८९६मध्ये मांडवीत प्लेग उगवला. मूळचे गोव्याचे डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला आणि शहराने पहिल्यांदा आपल्या पाठीकडे घाबरून पाहिलं. १८९८मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. या ट्रस्टच्या जे. पी. ऑर यांनी ६३.५ अंशांच्या कोनाचा नियम लावून धरला. त्याचा साधा हिशेब असा की, इमारत जेवढी उंच, त्याच्या निम्मी तरी जागा खिडकीपुढे मोकळी हवी. चाळीस फुटांच्या इमारतीला वीस फूट. गिरगावच्या बोळासमोर ही चैनच म्हणायची.

ती चैन दादर-माटुंग्याला पाहायला मिळते. हिंदू कॉलनीत किंवा पारशी कॉलनीत इमारतीमागे गेलं की ऊन जमिनीपर्यंत येतं, जास्वंद फुलते, झाकलेल्या गाड्या उभ्या असतात. स्वच्छ, हवेशीर आणि खरं सांगायचं तर थोडं नीरस. पण नजर भिंतीवर जाऊ द्या. जुन्या इमारतींच्या पाठीला चिकटून एक गोल लोखंडी जिना वर चढत गेलेला दिसेल. प्रत्येक मजल्यावर तो संडासाच्या मागच्या दाराशी थांबतो. गिरगावात जमिनीवर असलेली ती वेगळी वाट इथे उभी केली आहे, एवढंच. ट्रस्टने उजेडाचा कोन मोजला. माणसाची वाट मात्र नियमाआधी होती तशीच नियमानंतरही राहिली. आता बहुतेक जिने गंजून बंद आहेत, कठड्यांना कुंड्या लटकतात. नव्याने राहायला आलेल्यांना ते आग लागली तर पळायचे जिने वाटतात.

वांद्र्याच्या रणवार पाखाडीत पुढच्या-मागच्या बाजूचा हा नियमच मोडतो. पाखाडी ही मुळात ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती शेतकऱ्यांची वस्ती; घरं आधी झाली, रस्ते त्यांच्यामधून वाट काढत आले. त्यामुळे एका घराची पाठ दुसऱ्याच्या ओटीसमोर येते. बाहेरून चढणारे लाकडी जिने, वळणावर क्रूस, शेजारी वाळत घातलेले कपडे. इथे पुढचं-मागचं ठरवता येत नाही आणि कुणासाठी वेगळी वाटही दिसत नाही. सगळे एकाच गल्लीतून जातात, पाहुणाही आणि कचरा नेणाराही. तिथल्याच चॅपल रोडवर अलीकडे भिंती चित्रांनी रंगवल्या आहेत. चित्रं वाईट नाहीत, पण त्यांच्यामुळे भिंती फोटोसाठी ताठ उभ्या राहिल्यासारख्या वाटतात.

धारावीच्या कुंभारवाड्यात तर मागची बाजू हाच कारखाना. घरांच्या ओळींमधल्या जागेत भट्ट्या पेटतात, मडकी सुकतात. तिथे पाठ फिरवायला कुणाला जागाही नाही आणि सवडही.

परळच्या गिरणीच्या जमिनींवर उभ्या राहिलेल्या टॉवरांना मागे जाऊन पाहावं, तर पाठच सापडत नाही. चारही बाजूंना काच आणि गच्च्या. पाइप डक्टमध्ये लपवलेले, झिरपलेलं पाणी कुणाला दिसत नाही, पिंपळाला फट नाही. जो सापडेल तो मागचा बोळ इमारतीच्या पोटात, तळघरातून थेट वर जाणारा. बांधकामाच्या नकाशात त्याला सर्व्हिस लिफ्ट म्हणतात, आणि कित्येक सोसायट्यांमध्ये तिच्या दाराशी पाटी असते: घरकामगार, डिलिव्हरीवाले आणि सफाई कर्मचाऱ्यांनी हीच लिफ्ट वापरावी.