फिरता सूर

गेल्या गणेशोत्सवात आमच्या पेठेत ऑर्केस्ट्रा होता. माझा भाचा त्यात कीबोर्ड वाजवतो. कार्यक्रमाआधी त्याने मला मुद्दाम जवळ बसवून घेतले, पट्ट्यांवर पंजा ठेवला आणि एक बटण दाबले. आतापर्यंत इस्त्री केल्यासारखा सपाट असलेला सूर एकाएकी घुमू लागला, जणू कोणी त्याला गोफणीत घालून फिरवीत आहे.

"आत काही फिरतंय का रे?" मी विचारले.

"फिरत काय न्हाई, मामा. सगळं गणित हाय."

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. गणिताला मी आजही बिचकून असतो. परंतु कादंबरी लिहिणाऱ्याचा धंदाच नकलेचा. तेव्हा या नकली सुराचे परीक्षण करण्याचा थोडा अधिकार मी घेतो, वाचकांनी तो मान्य करावा.

हा फिरता सूर आपल्याला वाटतो तितका परका नाही. आमच्या घरी नाटक कंपनीतून आलेला, पायाने भाता मारायचा एक जुना ऑर्गन होता. त्याची एक खुंटी ओढली की पितळी रीडच्या मागे पुठ्ठ्याचा पंखा हवेच्या ओढीने फिरू लागे आणि सूर थरथरे. अमेरिकेत अशा ऑर्गनांच्या त्या खुंटीला 'व्हॉक्स ह्युमाना', म्हणजे मनुष्याचा कंठ, असे नाव असे. पेटीला माणसाचा गळा नाही, ही खंत जुनीच आहे. याच कोल्हापुरात १८८१ साली जन्मलेल्या गोविंदराव टेंब्यांनी आपल्या बोटांनी ती बरीच दूर केली. तरीही १९४० साली आकाशवाणीने पेटीला दार बंद केले, ते १९७१ पर्यंत उघडले नाही, आणि तेव्हाही पुरते नाही.

पुढची पायरी डोनाल्ड लेस्ली या अमेरिकन गृहस्थाची. लॉरेन्स हॅमंडने १९३५ साली विजेवर चालणारा ऑर्गन बाजारात आणला होता. लेस्लीने तो मोठ्या दुकानात ऐकला तेव्हा भारावून गेला; घरी आणला तर लहान खोलीत सूर अगदी मेलेला! खोली तर मोठी करता येईना. मग त्याने आवाजच फिरवला. १९४० च्या सुमारास तयार झालेल्या त्याच्या लाकडी कपाटात वरच्या सुरांसाठी फिरता कर्णा आणि खर्जासाठी फिरते पिंप असते. कर्ण्याला तोंडे दोन दिसतात. पण आवाज एकातूनच येतो, दुसरे केवळ तोल सांभाळण्यापुरते. संथ चालीत कर्णा मिनिटाला सुमारे ४० फेरे घेतो, जलद चालीत सुमारे ४००. पंचगंगेच्या पुलावर भोंगा वाजवीत येणाऱ्या मोटारीचा सूर जवळ येताना चढा आणि दूर जाताना उतरलेला वाटतो. १८४२ साली डॉप्लरने मांडलेला तोच नियम या कपाटात प्रत्येक फेऱ्याला घडतो.

भाच्याच्या यंत्रातले गणित मुळात साधे आहे. यंत्र सूर क्षणभर आठवणीत ठेवते आणि कमीजास्त उशिराने बाहेर सोडते. उशीर घटत गेला की सूर चढतो, वाढत गेला की उतरतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २००२ साली लेस्लीवर निबंध लिहिला, तो याच विचारावर.

आता परीक्षण. खरा लेस्ली मी एकदाच ऐकला, मुंबईस एका वादकाच्या घरी. जलद चालीची कळ दाबली तेव्हा हलका कर्णा सेकंदाभरात धावू लागला. जड पिंप मात्र रेंगाळत, पाच-सहा सेकंदांनी त्याला येऊन मिळाले. त्या मधल्या ओढाताणीतच सारे नाट्य होते. स्वस्त यंत्रे इथे फसतात; बटण दाबताच त्यांचा सूर वेग बदलून मोकळा होतो. वजन नसलेल्या वस्तूची ती नक्कल, नायकाला तत्क्षणी पश्चात्ताप व्हावा तशी खोटी. भाच्याच्या यंत्राने मात्र कर्णा आणि पिंप यांना वेगवेगळा आळस दिला होता. ज्याने हे गणित मांडले त्याने खचित कान लावून मांडले आहे. त्याला मी पूर्ण गुण देतो.

आणि नक्कल म्हणजे हलकी गोष्ट, असेही मी मानीत नाही. बालगंधर्व रंगभूमीवर स्त्री झाले आणि घरोघरच्या स्त्रिया त्यांच्यासारखे लुगडे नेसू लागल्या.

पण एक उणीव राहतेच. मुंबईस मी त्या खोलीतून बाहेर बोळात गेलो, तेव्हा सूर भिंतींवर आपटत माझ्या मागून आला. चार पावले सरलो की त्याचे रूप पालटे. नकलेत ऐकणाऱ्याची जागा आधीच ठरलेली असते. ठरावीक जागी दोन माइक ठेवून ऐकावे तसे यंत्र आपल्याला ऐकवते. आपण हललो तरी काही हलत नाही.

मला हे बोचते त्याला कारण आहे. शाहू महाराजांनी उभारलेले, १९१५ साली खुले झालेले आमचे केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. "होते तसेच पुन्हा उभारू," असे गावात ज्याच्या त्याच्या तोंडी आले. तसेच म्हणजे कसे? कमानी मोजून बांधता येतील. पण शेवटच्या रांगेत पोरवयात मला जो सूर भिंतीकडून येऊन भेटे, त्याचे माप कोणी घेऊन ठेवले आहे? लेस्लीला जी मोठी जागा घरी मिळाली नाही, ती आमच्याजवळ शंभर वर्षांहून अधिक काळ होती. नवे बांधणाऱ्यांनी डोळ्यांबरोबर कानांनाही विचारावे, एवढेच मागणे.

भाच्याला मी म्हटले, "गणित बरोबर आहे. पण ते कानावरच्या हेडफोनमधून एकदा बाहेर काढ. दिवाळीच्या सुट्टीत शाळेचे सभागृह रिकामे असते. किल्ली माझ्याकडेच आहे."