आयत्या वाक्यांतील मराठी

एखादा समाज आपल्या संकेतस्थळासाठी मुक्तस्रोत प्रणाली स्वीकारतो, तेव्हा तिच्याबरोबर शेकडो आयती वाक्येही त्याच्या पदरी येतात. ही वाक्ये इंग्रजीच्या वळणाने घडलेली असतात. प्रणालीच्या सोयींची चर्चा पुष्कळ होते; या वाक्यांचा विचार मात्र क्वचितच झालेला दिसतो.

‘ड्रुपल’ ही या प्रकारची एक प्रसिद्ध प्रणाली होय. बेल्जियममधील ड्रीस बाउटार्ट यांनी ती २००१ साली सर्वांना खुली केली. तिच्या नावाचा इतिहास उद्‌बोधक आहे. डच भाषेत ‘डॉर्प’ म्हणजे गाव. मूळ संकेतस्थळाला हेच नाव द्यावयाचे होते. परंतु अक्षरांची अदलाबदल होऊन ‘ड्रॉप’ झाले, आणि पुढे थेंब या अर्थाच्या डच शब्दाच्या उच्चारावरून प्रणालीचे नाव पडले. ‘मायबोली’, ‘मिसळपाव’ यांसारख्या मराठी संकेतस्थळांनी याच प्रणालीवर आपली गावे वसविली.

आता एक उदाहरण घेऊ. नवे लेखन सादर होताच प्रणाली एक वाक्य दाखविते. त्यात लेखनप्रकार व शीर्षक यांसाठी दोन रिकाम्या जागा असतात. उरलेला भाग ठराविक असतो. इंग्रजी क्रियापद लिंगानुसार बदलत नसल्याने तेथे काही अडत नाही. मराठीत मात्र लेख तयार झाला, कविता तयार झाली आणि चित्र तयार झाले. भाषांतरकाराला यांपैकी एकच रूप निवडता येते. मग ‘कविता तयार झाला आहे’ असे वाक्य पडद्यावर उमटते. विभक्तीचीही हीच गत. ‘पुणे’ या नामाला प्रत्यय लागण्यापूर्वी ‘पुण्या-’ असे सामान्यरूप व्हावे लागते. यंत्र ‘पुणे मध्ये’ असे लिहून मोकळे होते.

२०११ साली आलेल्या सातव्या आवृत्तीने एकाच इंग्रजी शब्दाचे प्रसंगपरत्वे निरनिराळे भाषांतर करण्याची सोय दिली. ही सुधारणा स्वागतार्ह खरी. पण तिने अर्थभेदाचा प्रश्न सुटतो, रूपभेदाचा नव्हे. रिकाम्या जागेत येणाऱ्या नामाचे लिंग कोणते, हे त्या वाक्याला कळतच नाही.

यावर मराठीने शोधलेली पळवाट म्हणजे मध्ये एक सामान्यनाम घालणे: ‘पुणे या शहरात’, ‘या शीर्षकाची नोंद झाली आहे’. व्याकरण निर्दोष राहते, परंतु भाषेला कचेरीतील परिपत्रकाची कळा येते. पहिलीच कविता सादर करणाऱ्याचे स्वागत अशुद्ध वाक्याने करावे की रुक्ष वाक्याने, असा हा पेच आहे. दोन्ही परींनी तो आपल्याच गावात परका ठरतो.

तथापि दोष सर्वस्वी प्रणालीचा नव्हे. तिचा मुक्त परवाना वाक्ये बदलण्याचा, नव्हे आज्ञावलीच बदलण्याचा अधिकार देतो. प्रत्येक लेखनप्रकारासाठी स्वतंत्र वाक्य योजले, तर वरील अडचण दूर होऊ शकते. शब्दांच्या बाबतीत मराठी समाजांनी हा अधिकार उत्तम बजावला आहे. ‘खरडवही’, ‘व्यनि’, ‘विचारपूस’ या संज्ञा कोणत्याही परिभाषा समितीने दिलेल्या नाहीत. त्या वापरातून रुळल्या. ‘विचारपूस’ या एका शब्दात जो घरोबा आहे, तो शब्दशः भाषांतरात कधीच आला नसता.

शब्दांच्या पातळीवर दाखविलेले हे स्वातंत्र्य वाक्यरचनेच्या पातळीवर मात्र पोहोचले नाही. शब्द बदलणे हे सभासदांचे काम. वाक्याचा साचा बदलणे हे आज्ञावली लिहिणाऱ्याचे. या दोघांमध्ये व्याकरण जाणणाऱ्या तिसऱ्याची जागा रिकामी आहे. भाषेच्या अभ्यासकांनी ती भरली नाही, तर परवान्याने दिलेले स्वातंत्र्य अर्धेच उपभोगले, असे म्हणावे लागेल.